समुपदेशनाची कसोटी

श्रोतेहो, नमस्कार.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येणाऱ्या रुग्णांपैकी कितीतरी जण अंगदुखी, थकवा, झोप न लागणे, छातीत धडधडणे, भूक मंदावणे अशा तक्रारी सांगतात. डॉक्टर रक्त तपासून घेतात, शक्तीच्या गोळ्या लिहून देतात, आणि काही दिवसांनी तोच रुग्ण त्याच तक्रारी घेऊन पुन्हा रांगेत उभा असतो. अशा रुग्णांपैकी काहींना नैराश्याचा विकार जडलेला असतो. त्याची नोंद केसपेपरवर सहसा होत नाही, कारण रुग्ण मनाविषयी बोलत नाही आणि गर्दीत डॉक्टरांना विचारायला सवड मिळत नाही. या माणसांवर उपचार कोणी करावेत आणि केलेला उपचार खरोखर लागू पडला हे कशावरून ठरवावे, या प्रश्नांचा गोव्यातील एका संशोधनगटाने अनेक वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला आहे. आजचे भाषण त्या कामाविषयी आहे.

डॉ. विक्रम पटेल हे मूळचे मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी झिंबाब्वेमधील हरारे येथे सर्वसामान्य रुग्णांतील मानसिक विकारांचा अभ्यास केला आणि नंतर ते गोव्यात आले. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह तेथे ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. आरंभीच्या अभ्यासांत स्त्रियांच्या आरोग्याला मोठे स्थान होते, आणि त्यातून हाती आलेली माहिती आजही अस्वस्थ करणारी आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलाची अपेक्षा असताना मुलगी होणे, या गोष्टींशी त्याचा स्पष्ट संबंध दिसला. बार्देश तालुक्यातील हळदोणे परिसरात झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट आहे. अशा तक्रारीवर केवळ प्रतिजैविके देत राहिल्याने त्या बाईच्या हाती काय लागत असेल, याचा विचार आरोग्यसेवेतील प्रत्येकाने करावा असे मला वाटते.

नुसते निदान करून भागत नाही, म्हणून हा संशोधनगट उपचारांकडे वळला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोव्यातील सर्वसाधारण रुग्णालयांत येणाऱ्या ४५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तीन सारखे गट करण्यात आले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध मिळाले, दुसऱ्याला औषधी द्रव्य नसलेली पण तशीच दिसणारी गोळी मिळाली आणि तिसऱ्या गटाला समुपदेशन. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगली होती. समुपदेशन मात्र त्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

समुपदेशनावर विश्वास असणाऱ्या कोणत्याही माणसाला हा निष्कर्ष बोचणारा होता. संशोधनगटाने तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचे बळ तेथून सुरू होते. आपल्याकडे ‘चार शब्द बोलले की मन हलके होते’ असे आपण सहज म्हणतो आणि ते खोटेही नाही. परंतु ज्याला उपचार म्हणायचे त्याला औषधासारखीच परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेत नापास होण्याची तयारीही ठेवावी लागते.

पुढची मोठी चाचणी ‘मानस’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. गोव्यातील बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने तिच्यात सहभागी झाले होते आणि रुग्णांची संख्या २,७९६ होती. निम्म्या ठिकाणी नेहमीची सेवा चालू राहिली. उरलेल्या ठिकाणी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण या कामासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांची नेमणूक झाली. ते रुग्णाला त्याच्या त्रासाचे स्वरूप समजावून सांगत आणि गरजेप्रमाणे पुढच्या भेटी घेत. औषध लिहिण्याचे काम डॉक्टरांकडेच राहिले, आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्लाही उपलब्ध होता. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ही सेवा मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. याच केंद्रांतील रुग्णांमध्ये वर्षभरात आत्महत्येचे विचारपूर्वक बेत आणि प्रयत्न यांचे प्रमाणही घटलेले आढळले.

खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नीट पाहिले तर तेथील नेहमीची सेवा मिळालेले रुग्णही सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, म्हणजे समुपदेशकाने भर घालावी अशी जागाच फारशी उरली नव्हती. घराण्याची दोन-तीन पिढ्यांची ओळख असलेला, नाव घेऊन चौकशी करणारा डॉक्टर हे त्याचे एक कारण असू शकेल. चाचणीने ते सिद्ध केलेले नाही. हा माझा अंदाज आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक नेमकी होती. या वेळी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ निवडले गेले. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली गेली. मागील दोन आठवड्यांत कामातला रस कमी झाला का, झोप कशी होती, स्वतःला कमी लेखावेसे वाटले का, असे प्रश्न तिच्यात असतात, आणि एकूण २७ गुणांपैकी १४ हून अधिक गुण असलेल्यांनाच चाचणीत घेतले गेले. उपचार होता सहा ते आठ भेटींचा, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी.

या भेटींमागील विचार साधा आहे. मन खचले की माणूस एकेक गोष्ट सोडू लागतो. समजा, एखादी गृहिणी भजनी मंडळाला जाईनाशी होते, शेजारणीकडे बसेनाशी होते, दुपारभर अंथरुणावर पडून राहते. जे सोडले त्यातून मिळणारा आनंदही सुटतो, कामे तुंबतात, घरात कुरबुर वाढते आणि मन आणखी खचते. समुपदेशक तिच्यासोबत बसून या फेऱ्याचा माग काढतो आणि येत्या आठवड्यात करता येईल असे अगदी लहान काम ठरवतो. मन ताळ्यावर आल्यावर बाहेर पडू असे न म्हणता आधी बाहेर पडायचे आणि मनावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवायचे. कर्ज, नवऱ्याचे दारूचे व्यसन, जमिनीचा वाद यांसारख्या प्रश्नांसाठी काय करता येईल, याचीही चर्चा होते. कारण अशा अडचणी डोक्यावर असलेल्या माणसाला नुसते ‘फिरायला जा’ सांगणे हास्यास्पद ठरेल.

तीन महिन्यांनंतर हा उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर केवळ डॉक्टरांची सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होते. स्त्रियांनी सांगितलेल्या नवऱ्याच्या मारहाणीतही घट दिसली. वर्षभरानंतरच्या पाहणीतही उपचाराचा लाभ टिकून होता.

हे समुपदेशक किमान दहावी शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे, या क्षेत्राचा पूर्वानुभव नसलेले लोक होते. त्यांच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्व मी प्रशिक्षणानंतरच्या शिस्तीला देईन. रुग्णाच्या संमतीने भेटींचे ध्वनिमुद्रण होई, दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. कोठे सल्ला देण्याची घाई झाली, कोठे रुग्णाचे बोलणे मध्येच तोडले गेले, हे सहकाऱ्यांकडूनच कळे. आपल्याकडे शिबिरे भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि पुढे विचारपूस होत नाही. त्या रीतीपेक्षा हा मार्ग अधिक कष्टाचा आहे, आणि ‘कमी शिकलेल्यांकडून स्वस्तात काम’ एवढाच अर्थ या संशोधनातून काढणाऱ्यांना हे कष्ट दिसत नाहीत.

महाराष्ट्रात या विचाराची एक शाखा विदर्भात पोहोचली. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ग्रासलेल्या या भागात गावातील कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या ‘टेन्शन’ या शब्दापासूनच बोलायला सुरुवात केली आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. नैराश्य असलेल्यांपैकी कोणती ना कोणती मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते सुमारे दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ टक्के झाले. येथे तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नव्हती, त्यामुळे सारे श्रेय उपक्रमाला देताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. तसेच २७ टक्क्यांचा आनंद मानताना उरलेले ७३ टक्के विसरता येत नाहीत.

देशाचे चित्र याहून कठीण आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार नैराश्य आणि चिंता यांसारख्या विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्याकडे नाही. तीव्र आजारात, भ्रम होत असल्यास किंवा मनःस्थिती आलटून पालटून अतिउत्साहाकडे आणि उदासीकडे झुकत असल्यास तज्ज्ञाचीच गरज असते, आणि या चाचण्यांतील समुपदेशकही त्याची जागा घेत नव्हते.

श्रोतेहो, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निरुत्साह, झोपेची तक्रार किंवा जगणे नकोसे वाटणे असा त्रास तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला होत असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो मोकळेपणाने सांगावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

नमस्कार.