धुराड्यावरचा आकडा कागदावर येतो तेव्हा

मित्रहो, सप्टेंबर उजाडला की एमआयडीसीतल्या कारखान्यांत फॉर्म पाचची, म्हणजे पर्यावरण विवरणपत्राची, धावपळ सुरू होते. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या नियम १४ प्रमाणे, ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोचायला हवं. ज्याला हवा किंवा पाणी कायद्याखाली कन्सेंट, म्हणजे मंडळाची संमती, लागते, त्याला हे विवरणपत्रही लागतं. म्हणजे एकच बॉयलर नि एकच धुराडं असलेला कापड रंगवणारा डाईंगवालाही त्यात आला. पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीची फाईल उघडून, तारखा बदलून तीच पानं पुढे जातात. असं होऊ नये म्हणून आज या फॉर्मातल्या एकाच तक्त्यावर बोलणार आहे. तो म्हणजे भाग सी.

या तक्त्यात चार रकाने असतात. पहिल्यात प्रदूषकाचं नाव. दुसऱ्यात तो दिवसाला किती वजनाने बाहेर पडला. तिसऱ्यात त्याची तीव्रता, म्हणजे एका घनमीटर वायूत किती मिलिग्रॅम. चौथ्यात ठरलेल्या मर्यादेपासून किती टक्के फरक पडला आणि का पडला. तिसरा रकाना प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरून सरळ उतरवता येतो, म्हणून तो सगळे भरतात. दुसऱ्यासाठी हिशोब करावा लागतो, आणि चुका तिथेच होतात.

हिशोब करून बघू. धुराड्याचा आतला व्यास ०.६ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. वायूचा वेग सेकंदाला १० मीटर. म्हणजे तासाला सुमारे १०,२०० घनमीटर वायू बाहेर पडतो. पण हा वायू १५० अंशांवर तापून फुगलेला आहे आणि त्यात वाफही आहे. रिपोर्टमधली तीव्रता मात्र नॉर्मल घनमीटरला असते, म्हणजे २५ अंश सेल्सिअस, ७६० मिलिमीटर पारा आणि कोरडा वायू. म्हणून १०,२०० ला आधी २९८ भागिले ४२३ ने (२५ आणि १५० अंशांत २७३ मिळवून आलेले केल्विन) गुणायचं, मग समजा ८ टक्के असलेली वाफ वजा करायची. उरतात सुमारे ६,६०० नॉर्मल घनमीटर. धूलिकण नॉर्मल घनमीटरला १२० मिलिग्रॅम असतील तर तासाला ७९२ ग्रॅम, आणि बॉयलर २० तास चालत असेल तर दिवसाला जवळजवळ १६ किलो. ही दुरुस्ती विसरलात तर उत्तर साडेचोवीस किलो येतं. न सोडलेला साडेआठ किलो धूर दिवसागणिक स्वतःच्या नावावर चढवून घ्यायचा, तोही निव्वळ गुणाकार राहिला म्हणून!

आता तो १२० चा आकडा येतो कुठून ते पाहू. नमुना घेण्यासाठी धुराड्याला पाडलेल्या चार इंची भोकातून. हे भोक कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. खालच्या बेंडपासून (वळणापासून) किंवा डक्टच्या, म्हणजे धूर आणणाऱ्या नळीच्या, जोडापासून व्यासाच्या आठपट वर आणि धुराड्याच्या तोंडापासून दुप्पट खाली, असा नियम आहे. ०.६ मीटर व्यासाला बेंडपासून ४.८ मीटर आणि तोंडापासून १.२ मीटर. पुष्कळ कारखान्यांत हे भोक शिडी जिथे संपते तिथे, बेंडच्या डोक्यावरच पाडलेलं असतं. तिथे वायू घुसळत वर येतो आणि धूळ एका बाजूला फेकली जाते. मग कोणत्याही प्रयोगशाळेला बोलवा, आकडा एकदा ७० येईल, एकदा २१०. मालकाला वाटतं प्रयोगशाळा चुकली, पण चूक वेल्डिंग करून घेतली त्या दिवसाची असते.

दुसरी गोष्ट आयसोकायनेटिक सॅम्पलिंगची. धुराड्यात वायू ज्या वेगाने वर जातो, त्याच वेगाने तो नोझलमध्ये, म्हणजे नमुना घेणाऱ्या नळीच्या तोंडात, ओढला गेला पाहिजे. पंप हळू ओढत असेल तर जड कण आपल्या जोरावर नोझलमध्ये घुसतात आणि धूळ जास्त दिसते. पंप जोरात ओढत असेल तर उलट होतं. म्हणून नमुना घेणाऱ्याने आधी पिटो ट्यूबने वेग आणि त्याबरोबर तापमान मोजलं का, ते वर चढून बघा. पिटो ट्यूब गाडीतच राहिली असेल तर त्या दिवशीचा नमुना घेऊ नका. थिंबल, म्हणजे धूळ अडवणारी गाळणी, काढताना तिची कड मोडली, तर गेलेल्या तुकड्याचं वजन धुळीतून वजा होतं आणि आकडा आपोआप सुंदर दिसतो. असा रिपोर्ट खुशीने फाईलला लावू नये.

तिसरी गोष्ट हवेच्या गळतीची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. राखेचं दार नीट बसत नाही, डक्टच्या जोडातला दोर जळालेला असतो, धूर ओढून धुराड्यात ढकलणाऱ्या आयडी फॅनच्या शाफ्टपाशी फट असते. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धूर पातळ होतो. लहान बॉयलरच्या मानकांत यासाठीच १२ टक्के कार्बन डायऑक्साइडची दुरुस्ती सांगितली आहे. तीव्रता ९० आली आणि कार्बन डायऑक्साइड ६ टक्केच असेल, तर खरा आकडा ९० गुणिले १२ भागिले ६, म्हणजे १८० होतो. कन्सेंटमध्ये १५० ची मर्यादा असेल तर ९० वाला कारखाना पास नाही, नापास आहे. पण धूर पातळ झाला तरी वायूचं घनमान वाढतं, त्यामुळे दुसऱ्या रकान्यातलं किलोचं गणित फारसं हलत नाही. दुसरा आणि तिसरा रकाना असे एकमेकांवर नजर ठेवतात. शिवाय गळतीमुळे कोळसा किंवा ब्रिकेटही जास्त जळतं, म्हणून गळती बुजवणं मालकाच्या खिशाच्याही फायद्याचं आहे.

रिपोर्टचे पैसे ज्याचा रिपोर्ट तोच देतो, याने काय होतं ते गुजरातेत नीट तपासून पाहिलं गेलं आहे. तिथे अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत धूलिकणांचे आकडे १५० च्या मर्यादेच्या अगदी खालीच गर्दी करून बसलेले होते. मग ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले, त्यांचं मानधन एका सामायिक निधीतून दिलं, आणि काही नमुने दुसऱ्यांदा तपासले. त्यानंतर खोटे 'पास' रिपोर्ट ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रत्यक्ष धूरही कमी केला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये काढलेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांतही ऑडिटर यादृच्छिक पद्धतीनेच नेमायचे आहेत. महाराष्ट्रात मंडळाने ५ जून २०१७ पासून धूलिकणांच्या आकड्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. आकडा लोकांसमोर गेला की तो नीट मोजला जाण्याची निकडही वाढते.

साखर, डिस्टिलरी, सिमेंट, औषधं, वीज अशा १७ जास्त प्रदूषणकारी उद्योगगटांत सततचं मोजमाप आवश्यक करावं, असे निर्देश केंद्रीय मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ ला राज्य मंडळांना दिले. इथे धुराड्यावर बसवलेल्या यंत्राची दर पंधरा मिनिटांची सरासरी मंडळाच्या सर्व्हरवर जाते. ओल्या स्क्रबरनंतर, म्हणजे पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्रानंतर, प्रकाशावर चालणारा धूलिमापक बसवला, तर तो पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतो. तिथे नमुना बाहेर ओढून तापवणारं यंत्रच हवं. लेन्सवर हवा मारणाऱ्या ब्लोअरचा फिल्टर चोंदला, तर काच काळी पडते आणि आकडा रोज थोडा थोडा वर सरकत राहतो. उलट सहा तास एकच ४२.३ दिसत असेल, किंवा बॉयलर बंद असताना ४२.३ येत असेल, तर यंत्र काहीही मोजत नाही.

साखर कारखान्यांनी आणखी एक जपावं. फॉर्म पाच एप्रिल ते मार्च असा असतो, तर गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे. गेल्या हंगामाचे एप्रिलमधले दिवस आणि चालू हंगामाचे मार्चपर्यंतचे, असे दोन्ही तुकडे त्याच वर्षात येतात. दैनिक सरासरीसाठी ३६५ ने भागू नका, बगॅसचा (उसाच्या चिपाडांचा) बॉयलर प्रत्यक्ष जितके दिवस चालला तितक्यांनी भागा.

शेवटी चौथा रकाना. यात 'निरंक' लिहायची सवय जाऊ द्या. धूळ कापडी पिशव्यांत अडवणाऱ्या बॅग फिल्टरचा डीपी, म्हणजे पिशव्यांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, रोज १२० मिलिमीटर पाणी दाखवतो आणि एका पहाटे अचानक ४० वर येतो, तेव्हा पिशवी फाटलेली असते. हवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे असं अपघाती जादा उत्सर्जन झालं, किंवा होण्याची भीती असली, तर ते तत्काळ कळवायचं असतं. त्या पत्राची पोच फाईलला ठेवा आणि सप्टेंबरमध्ये तेच इथे उतरवा: कोणत्या तारखेला किती पिशव्या फाटल्या, बॉयलर किती तास तसाच चालला, लोड किती टक्क्यांवर आणला, पिशव्या कधी बदलल्या, आणि बदलल्यानंतरच्या नमुन्याचा आकडा काय आला.