दुसऱ्या ठोक्याची साक्ष

पत्रिकेवर माझा विषय ‘नायोबियम आणि गरम रोलिंग’ असा छापलाय, म्हणजे पोलादात चिमूटभर मिसळायचा एक धातू आणि तापलेलं पोलाद रुळांतून लाटणं. तिथवर पोचायचंच आहे, पण वाटेत दुसरा ठोका लागतो आणि त्याला बगल देऊन मला पुढे जाता येत नाही.

गावच्या लोहाराकडे विळा घडताना तुम्ही पाहिला असेल. घण उलट उसळायला लागला की तो पातं परत भट्टीत घालतो. त्यात लोखंड थंड झाल्याचा भाग मोठा, हे खरं. पण लालभडक पोलादसुद्धा ठोकलं की कडक होतं आणि क्षणभर सोडलं की आपोआप मऊ पडतं, कारण दबलेल्या स्फटिककणांच्या जागी आत ताणमुक्त नवे कण उगवतात. हेच पुनर्स्फटिकीकरण.

अडचण अशी, की ते डोळ्यांनी पाहता येत नाही. हजार अंशांवरचं ऑस्टेनाइट, म्हणजे पोलादाची तापलेली असतानाची स्फटिकरचना, गार होताना नाहीसं होतं. पाणी दिलं तर मार्टेन्साइट ही वेगळीच, कडक रचना हाती लागते. पिक्रिक आम्लाने जुन्या कणांच्या सीमा उठवता येतात, पण त्या प्रत्येक वेळी उठतातच असं नाही. म्हणून पोलादालाच विचारायचं: एक ठोका, थोडं थांबणं, त्याच तापमानाला दुसरा ठोका. समजा पहिल्या ठोक्यात पोलाद ६० मेगापास्कल ताणाला वाकायला, म्हणजे कायमचं दबायला लागलं आणि १२० ला आपण थांबलो. दुसऱ्यांदा ते ८४ ला वाकलं, तर कमावलेल्या ६० पैकी ३६ गेले. मऊपणा ६० टक्के.

आता माझं जुनं दुखणं. नवा होतो तेव्हा एका प्रयोगशाळेत दहा मिलिमीटर व्यासाचा, पंधरा मिलिमीटर उंचीचा नमुना दाबत होतो. थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, दोन बारीक तारा नमुन्याच्या अंगाला वेल्ड केलेल्या असतात. त्यातली एक अर्धवट सुटली होती. तापमान कमी दिसलं, म्हणून नमुना विजेने तापवणाऱ्या यंत्राने आणखी वीज सोडली. आलेख इतका देखणा आला, की मार्गदर्शकांनी तो लगेच अहवालात घ्यायला सांगितलं. रात्री मी जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, तर पहिल्या ठोक्याचाच ताण कमी होता! थांबण्याआधीच पोलाद मऊ कसं? नमुना जास्त तापला होता, एवढंच. अहवाल थांबवायला मला दोन आठवडे भांडावं लागलं. तेव्हापासून कुणी मऊपणाचा टक्का दाखवला, की मी आधी पहिला ठोका मागतो. तुम्हीही मागा.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. मऊपणा म्हणजे पुनर्स्फटिकीकरण नव्हे. नवा कण उगवण्याआधी जुन्याच कणातली डिसलोकेशनांची, म्हणजे स्फटिकातल्या रचनादोषांची, गर्दी थोडी ओसरते. नमुना किती टक्के कायमचा दबल्यावर ताण वाचायचा, तो ऑफसेट. ०.२ टक्के ऑफसेटवर ताण वाचला तर ही सुटकाही हिशेबात येते, २ टक्क्यांवर वाचला तर बरीचशी वगळली जाते. एकाच प्रयोगाची दोन उत्तरं! ऑफसेट न लिहिता टक्का छापणं मला मुळीच मान्य नाही, आणि निदान दोन-तीन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली गेलेच पाहिजेत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर नायोबियम. पोलादात टनाला ४०० ग्रॅम, म्हणजे ०.०४ टक्के. साधं पोलाद हजार अंशांच्या आसपास काही सेकंदांत मऊ होतं. नायोबियम असेल तर विरघळलेले अणू कणसीमांना मागे खेचतात. तापमान आणखी उतरलं की ठोकलेल्या जागांवर नायोबियम कार्बोनायट्राइडचे (नायोबियम, कार्बन आणि नायट्रोजन यांच्या संयुगाचे) अतिसूक्ष्म दाणे बसतात आणि मऊपणाचा चढता वक्र मधेच सपाट होतो. तो सपाट तुकडा पकडायला ठोक्यांमधला वेळ वाढवत वाढवत दर वेळी नवा नमुना दाबावा लागतो. तेवढा वेळ द्याच.

मिलमध्ये याचा अर्थ असा, की मऊपणा अडतो त्या तापमानाखाली दर पासचा, म्हणजे रुळांतल्या दर फेरीचा, ताण पुढच्या पासवर चढतो, ऑस्टेनाइटचे कण पोळीसारखे चपटे होतात आणि गार होताना त्यांच्या सीमांवर फेराइट, म्हणजे गार पोलादातली रचना, बारीक कणांनी जन्मतं. वायूवाहिन्यांच्या पाइपांना मजबुती आणि चिवटपणा एकत्र मिळतो तो यातून. मिलच्या नोंदींतही हे दिसतं: सरासरी ताण तापमानाच्या व्यस्तासमोर (एक भागिले तापमान) मांडला, की रेघ एका जागी वळून चढी होते.

बाहेर टेबलावर दोन नमुने ठेवलेत. एकावर सुटलेल्या तारेचा डाग अजून आहे, तो हातात घेऊन बघा.