मे महिन्यात केनियाला जायचं का? कागदावरच्या सहलीतून भूगोल

नमस्कार! मी ठाण्यात आठवीला भूगोल शिकवते. दरवर्षी माझा वर्ग परदेशी सहलीला जातो, फक्त कागदावर. पण तारीख, कपडे, घड्याळ, खर्च, सगळं मुलांनीच ठरवायचं. यंदाची सहल केनियाची होती आणि ती सुरू झाली आपल्या खाडीतून.

हिवाळ्यात आम्ही ऐरोलीहून बोटीने रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो. परत येताना एका मुलीने विचारलं, "बाई, हे आणखी कुठे दिसतात?" तिथून आम्ही पोचलो केनियातल्या बोगोरिया सरोवरापर्यंत. आपल्या खाडीतला छोटा रोहित तिथेही असतो. हे सरोवर खचदरीत, म्हणजे भेगांमधली जमीन खचून तयार झालेल्या दरीत आहे. त्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही, उन्हाने आटतं, क्षार मागे राहतात. त्या खाऱ्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ फोफावतं आणि ते खाऊनच रोहिताला गुलाबी रंग येतो. 'खचदरी' हा शब्द मला पाठ करून घ्यावा लागला नाही.

(पृथ्वीगोल हातात घेऊन) हा शिवणाचा दोरा बघा. एक टोक मुंबईवर, दुसरं नैरोबीवर. ताणायचा, चिमटीत धरायचा आणि गोलावरच्या प्रमाणाशी लावून बघायचा. सुमारे साडेचार हजार किलोमीटर येतं. मग घड्याळ. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, केनियाची ४५ अंशांची. फरक ३७.५ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १५० मिनिटं. केनिया आपल्या अडीच तास मागे.

कपड्यांवरून मात्र दोन गटांत चांगलीच जुंपली. एक गट म्हणे, नैरोबी विषुववृत्ताजवळ, सुती कपडेच न्यायचे. दुसऱ्या गटाने नकाशासंग्रह उघडून उंची दाखवली. नैरोबी जवळपास १,७०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच! दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. यादीत स्वेटर आला.

आता मुख्य गोष्ट. 'कुठे जायचं' यापेक्षा 'कधी जायचं' हा प्रश्न मुलांना जास्त शिकवतो. सगळ्यांनी पटकन मे महिना लिहिला, सुट्टी असते ना! मी काहीच बोलले नाही. माझी तुम्हालाही विनंती आहे, इथे घाई करून उत्तर सांगू नका. त्यांना ठाणे आणि नैरोबी, दोन्ही शहरांच्या पावसाचे आकडे घेऊन आलेख काढू द्या. आलेख काढताना त्यांनाच दिसलं की केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जावं, तर ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस.

दोनदा पाऊस का? कारण सूर्य विषुववृत्त वर्षातून दोनदा ओलांडतो आणि पावसाचा पट्टा त्याच्या मागे मागे सरकतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तिथला पाऊस जूनमध्ये आपल्याकडे येतो?" ढग तिथून चालत येत नाहीत, पट्टा उत्तरेकडे सरकतो, एवढी दुरुस्ती मी केली. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत जोराने वाहणारे वारेच पुढे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्याकडे येतात, हे नकाशावर बोट फिरवून दाखवलं. नैर्ऋत्य मोसमी वारे मी कित्येक वर्षं शिकवतेय. इतके प्रश्न त्या दिवसाआधी कधी आले नव्हते.

शेवटी वर्गाने ऑगस्ट ठरवला. कोरडा महिना, शिवाय मसाईमारा या केनियातल्या अभयारण्यात तेव्हा विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांचे कळप आलेले असतात. पण ऑगस्टमध्ये शाळा चालू! मग त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे रजेचा अर्ज लिहिला आणि कारण म्हणून दोन आलेख जोडले, ठाण्याचा ऑगस्टचा उंच खांब आणि शेजारी नैरोबीचा बुटका. (अर्ज कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा.