ऑपरेशननंतरचे घट्ट मोजे: गुठळी कितपत टळते?

नमस्कार. माझ्या हातातला हा पांढरा, मांडीपर्यंत येणारा घट्ट मोजा मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णाच्या पायांवर तुम्ही पाहिला असेल. त्याच्या बोटांकडच्या बाजूला एक भोक ठेवलेले आहे. बोटे निळी किंवा गार पडलेली नाहीत ना, हे पाहता यावे म्हणून ते असते; पण एकदा मोजा चढवला की त्यातून कोणी सहसा पाहत नाही, आणि याची मला फार काळजी वाटते.

ऑपरेशनच्या वेळी व नंतर पाय बराच काळ हलत नाहीत, त्यामुळे पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलू शकत नाहीत. त्यातच जखमेमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पायाच्या खोल शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात पोहोचली, तर जिवावर बेतते. या मोज्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त, म्हणजे साधारण १८ मिलिमीटर पारा इतका असतो आणि वर जाताना तो कमी होत जातो, त्यामुळे शिरांतले रक्त तुंबून राहत नाही.

याचा उपयोग होतो का? होतो. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये २० चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मोजे घातलेल्यांत गुठळीचे प्रमाण ९ टक्के, तर न घातलेल्यांत २१ टक्के आढळले. मात्र यांतल्या बऱ्याच चाचण्या जुन्या होत्या, आणि त्यांत सापडलेल्या अनेक गुठळ्या केवळ तपासणीत दिसलेल्या, त्रास न देणाऱ्या होत्या.

आज धोका असलेल्या रुग्णाला बहुधा पोटात हेपरिनचे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले जाते. मग त्याच्या जोडीला मोजेही हवेत का, हे ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांनी सुमारे १,९०० रुग्णांवर तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९० दिवसांत गुठळी झालेले रुग्ण नुसत्या इंजेक्शनच्या गटात १.७ टक्के, तर इंजेक्शन आणि मोजे अशा गटात १.४ टक्के होते. हा फरक नगण्य आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पायात मोजे आहेत एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. इंजेक्शन द्यायचे आहे का, ते किती दिवस द्यायचे आणि रुग्णाला कधी उठवून चालवायचे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ज्यांना इंजेक्शन देता येत नाही, त्यांचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे.

मोजे घालायचेच असतील, तर पायाचे माप घेऊनच घ्यावेत. उकडते म्हणून रुग्ण वरची कड खाली गुंडाळतो, आणि गुडघ्याखाली तिची दोरीसारखी वळकटी होऊन कातडीवर खोल वळ उठतो. अशा ठिकाणी रक्त वर जाण्याऐवजी अडते. मोजे रोज एकदा काढून पाय धुवावेत, टाच आणि घोटा उजेडात नीट पाहावा. पायाच्या धमन्यांत अडथळा असलेल्यांना हे मोजे घालू नयेत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांना मोजा काचत असल्याचे कळतच नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.

घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. एकच पाय सुजला किंवा पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.