अँथनी मुन्योझ आणि त्याच्यामागचे दोघे

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकन फुटबॉल पाहताना आपली नजर चेंडूमागे धावते. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्याच्या हातात चेंडू क्वचितच यायचा. तो अँथनी मुन्योझ, सिनसिनाटी बेंगल्स या संघाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या रांगेतला डावीकडचा गडी.

चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक दोन पावलं मागे सरकून आपला गडी शोधत असतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत समोरचे धिप्पाड बचावपटू त्याच्यावर तुटून पडतात. टॅकलने त्यांना हातांनी अडवायचं, पण धरून ठेवायचं नाही. धरलं की दंड. हे सगळं मागे-मागे सरकत. आणि हे नीट जमलं, तर आकडेवारीत त्याच्या नावापुढे काहीच चढत नाही.

साडेसहा फुटी मुन्योझच्या गुडघ्यांवर कॉलेजातच तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अशा खेळाडूवर पैसे लावायचे? बेंगल्सचे प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग स्वतः एके काळचे नामांकित टॅकल. परीक्षा घ्यायला ते स्वतःच त्याच्यावर चाल करून गेले, आणि मुन्योझने त्यांना सरळ आडवं केलं! 1980 साली संघ कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडून घेतात त्या निवडीत बेंगल्सनी तिसऱ्याच क्रमांकावर त्याला घेतलं. पुढे 1981पासून सलग 11 वेळा तो प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला.

उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकल मोलाचा, असं सगळे सांगतात. मुन्योझचं मोठेपण मला एवढ्यात मावणारं वाटत नाही. 1981 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बेंगल्सचा क्वार्टरबॅक केन अँडरसन, तो उजव्या हाताने फेकणारा. 1988 साली तोच मान मिळाला बेंगल्सचाच पुढचा क्वार्टरबॅक बूमर इसायसनला, तो डावखुरा. म्हणजे मुन्योझ आता त्याच्या डोळ्यांसमोरची बाजू सांभाळत होता. क्वार्टरबॅक बदलला, हात बदलला, डावीकडचा टॅकल तोच राहिला. दोन्ही मोसमांत संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला. दोन्ही वेळा सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला, अगदी थोडक्या गुणांनी.

1998 साली कँटन इथल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान दालनात, मुन्योझला पहिल्याच खेपेला स्थान मिळालं. 2021 साली बेंगल्सनी आपल्या मैदानावर मानकऱ्यांची नावं लावायला सुरुवात केली. पहिल्या चौघांत अँडरसन होता आणि मुन्योझही. इसायसनचं नाव त्यानंतर दोन वर्षांनी लागलं.