साठ तासांचं समाजशास्त्र

(दृश्य : स्टाफरूमचं टेबल, कॅलेंडरवर लाल पेनाच्या फुल्या)

चार क्रेडिटचा पेपर म्हणजे कागदावर साठ तास. पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास. लांबलेले प्रवेश, गणपती, चाचण्या, एनएसएसचे कार्यक्रम वजा केले की हाती पंचेचाळीसच्या आसपास उरतात. एफवायबीएच्या, म्हणजे बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या, समाजशास्त्राची आखणी या पंचेचाळिसातच करायची. साठ धरून आखलं, तर शेवटचं युनिट 'घरी वाचून घ्या'वर जातं.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा, पुस्तकाची अनुक्रमणिका)

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या प्रकल्पाचं 'इंट्रोडक्शन टू सोशिऑलॉजी' हे मोफत पाठ्यपुस्तक. तिसरी आवृत्ती, २०२१. प्रकरणं एकवीस, त्यातली सहा घ्यावीत : समाजशास्त्राची ओळख, संशोधन पद्धती, संस्कृती, सामाजीकरण, स्तरीकरण (समाजातली उच्च-नीच उतरंड), कुटुंब. परवाना 'सीसी बाय' आहे. म्हणजे मूळ श्रेय दिलं की भाषांतर करा, कापा, जोडा, छापून वाटा. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकंही फुकट उतरवता येतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. त्यांची लिंक द्यावी. फेरफार करून वाटू नयेत.

पुस्तकातली उदाहरणं अमेरिकेची. स्तरीकरणाच्या प्रकरणात जात काही परिच्छेदांत उरकली आहे. नेमकी तिथे आपली सामग्री लागते, आणि ती आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांव-गाडा' १९१५ चं. लेखक १९३३ साली गेले. मृत्यूनंतरची कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत १९९३ अखेर संपली. बलुतेदारीवरची चार पानं काढली की पाठपोट दोन कागदांत मावतात. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंधही आता हक्कमुक्त आहे. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यामुळे, हा त्याचा गाभा.

(दृश्य : जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं, कात्र्या, डिंक)

जातीवरच्या तासाचं साहित्य म्हणजे रविवारची रद्दी. गटागटानं चाळीस विवाहविषयक जाहिराती कापायच्या. जात किती जणांनी लिहिली, पोटजात किती जणांनी, 'जातीची अट नाही' किती जणांनी, याचे रकाने फळ्यावर भरायचे. कापण्याआधी फोन नंबर खोडावेत.

(दृश्य : मोबाइलचा पडदा, अक्षरांची खिचडी)

हे जुन्या नोट्सचं पान. पूर्वीच्या फॉन्टमधली फाइल फोनवर अशी दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, आणावी लागते : फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनानं बदलून तपासावी, नाहीतर पुन्हा टाइप करावी. स्कॅन केलेलं पान निदान सरळ आणि एकेकटं असावं. दोन पानं शेजारीशेजारी आली की फोनवर कोणी वाचत नाही.

(दृश्य : पहाट. हापसा, हंड्यांची रांग)

संशोधन पद्धतीचं प्रकरण इथे शिकवायचं. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत, म्हणजे घरं आणि त्यातल्या सोयींच्या नोंदीत, पस्तीस प्रश्न होते. त्यातला एक पिण्याच्या पाण्याचा : स्रोत घराच्या आवारात, जवळ, की दूर? दूर म्हणजे खेड्यात पाचशे मीटरच्या पुढे, शहरात शंभरच्या. गावपातळीपर्यंतचे तक्ते मोफत मिळतात. पंचवीस मुलं, प्रत्येकी दोन घरं, एक पानाची प्रश्नावली. 'पाणी लांब आहे का?' असं विचारलं तर उत्तर माणसागणिक बदलतं, म्हणून पावलं मोजायची. आधी पन्नास मीटरच्या दोरीवर प्रत्येकानं आपलं पाऊल मोजून घ्यायचं.

मग त्यात एका प्रश्नाची भर घालायची : पाणी आणतं कोण?

(दृश्य : हंडा उचलणारे हात. दहा सेकंद निवेदन नाही.)

घरयादीत हा रकाना नव्हता. मुलांनी तो पट्टीनं आखून वहीत घातला आहे : आई, सून, मुलगी, मुलगा, वडील. नाव लिहायचं नाही, फक्त नातं. सर्वेक्षण जोडीनं करायचं, घरात शिरण्याआधी परवानगी विचारायची, आणि सकाळी सातच्या आत जायचं. दहाला गेलं की रोजंदारीवरची घरं बंद असतात आणि तक्ता एकाच आळीचा होतो.

अंतर्गत गुणांतले दहा या तक्त्याला. गाइडमधून तो उतरवता येत नाही.

(दृश्य : वर्ग. फळ्यावर दोन तक्ते शेजारी : जनगणनेचा आणि मुलांचा)

पुढच्या सत्रासाठी प्रश्नावली, तक्ता आणि भाषांतरित प्रकरणं एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ श्रेय आणि परवाना.