आधी दोऱ्या मोजा

श्रोतेहो, नमस्कार. काइट किती टिकतो, हा प्रश्न काइटबोर्डिंग, म्हणजे पायाखाली फळी घेऊन काइटच्या, हवा भरलेल्या मोठ्या पतंगाच्या, ओढीने पाण्यावर धावणं, शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येकजण मला विचारतो. याचं उत्तर वर्षांत देता येत नाही, कारण काइट उडताना फारसा झिजत नाही. तो झिजतो जमिनीवर. हवा भरून वाळूवर ठेवला आणि वाऱ्यात फडफडत राहिला, की मागची कड सारखी आपटत राहते, कापडावरचा लेप सुटतो, कापड मऊ पडतं. वरून ऊन असतंच. म्हणून थांबलात की हवा काढा, गुंडाळा, सावलीत ठेवा. पुन्हा सांगते, काइट झिजतो तो जमिनीवर.

आता माझ्याच काइटची गोष्ट सांगते. 9 चौरस मीटरचा होता. दोन हंगाम मनसोक्त वापरला. तिसऱ्या हंगामात बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, जरा जवळ घेतला, की तो आकाशात थबकायचा, मागे मागे सरकत यायचा आणि धप्पकन पाण्यात. एकाच दुपारी 11 वेळा पडला. खांदे भरून आले, रडू यायचं बाकी होतं. कापड थकलं, असं मी ठरवून टाकलं. विकण्यासाठी घडी घालायला बसले, तेवढ्यात आमचे जुने प्रशिक्षक शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अगं, दोऱ्या मोजल्यास का?"

मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी चारही दोऱ्यांची टोकं एका खांबाला अडकवली, 24 मीटर मागे गेले, पॉवर कमी करायचा पट्टा पूर्ण सैल सोडला आणि बार अंगाशी घेऊन ताण दिला. बाहेरच्या दोन दोऱ्या सरळ ताठ. मधल्या दोन मात्र लोंबत होत्या. फरक मोजला, तर चांगली चार बोटं!

झालं होतं असं. मधल्या दोऱ्या काइटच्या पुढच्या कडेला जातात आणि आपला बहुतेक भार त्याच पेलतात. वापराने त्या लांबतात. बाहेरच्या दोऱ्या वळवण्यासाठी असतात, त्यांच्यावर भार कमी, त्या तेवढ्या लांबत नाहीत. मग बार सोडलेला असला तरी काइटची मागची बाजू ओढलेलीच राहते आणि काइट मागे पडतो. कापडाचा त्यात काही दोष नाही. सरांनी बाहेरच्या दोऱ्या पुढच्या गाठीवर सरकवून तेवढ्या लांब केल्या आणि म्हणाले, "जा, उडव." सूर्य मावळेपर्यंत मी पाण्यात होते. काइट एकदाही पडला नाही. पुढे आणखी दोन हंगाम त्याने मला साथ दिली. म्हणून म्हणते, कापडाला दोष देण्याआधी दोऱ्या मोजा. आधी दोऱ्या मोजा!

गाठींचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलते. मुलांना पोहायला शिकवतो, तशा गाठी बांधायलाही शिकवायला हव्यात. ताणाखाली न सुटणारी आणि हवी तेव्हा सुटणारी गाठ ज्याला येते, त्याचं डोंगरावर, होडीत, गोठ्यातसुद्धा कधी अडत नाही. शाळेत यासाठी एक तास असावा, असं मला फार वाटतं.

असो. ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी 1984 साली हवा भरायच्या काइटच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाण्यात पडलेला काइट पुन्हा उडावा, ही त्यामागची कल्पना. ती सगळी आतल्या फुग्यावर, ब्लॅडरवर उभी आहे. हवा हळूहळू जात असेल, तर आधी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. पुष्कळदा व्हॉल्व्हचा डिंक उन्हाने सुटलेला असतो.

आणि ऐन संकटात काइटच्या ओढीतून सुटका करणारा बारवरचा भाग, क्विक रिलीज. त्यात वाळू आणि मीठ अडकलं तर तो ऐन वेळी उघडत नाही. दर खेपेला गोड्या पाण्यात धुवा, एकदा ओढून उघडा, पुन्हा बसवा आणि मगच बार पिशवीत ठेवा. नमस्कार.